थडगे क्रमांक ३७७ मधील इसम माझे कोणी नव्हेत, हे निवेदन मागे घेण्याबाबत

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. हक्कदावा अधिकारी,
जुनी थडगी स्थलांतर कक्ष,
सिंगापूर.

अर्जदार : शामकांत दत्तात्रय केळसकर, वय ६७, निवृत्त चीफ इंजिनिअर (व्यापारी जहाजे), सिंगापूरचा कायम रहिवासी (पी.आर.), राहणार हौगांग.

विषय : थडगे क्रमांक ३७७ (हाइनरिश लेम्बके, मृत्यू १९३६) यांची रक्षा समुद्रात न सोडता अर्जदाराच्या ताब्यात मिळणेबाबत.

संदर्भ : १) विभाग ‘क’ मधील थडग्यांबाबत आपली जाहीर सूचना. २) माझा दावा अर्ज दि. ३ जून २०२५ (थडगे क्रमांक २१४, मंजूर). ३) त्याच अर्जातील प्रश्न ९ ला मी दिलेले उत्तर. ४) आपले नकाराचे पत्र दि. ५ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

१. सदर अर्ज मराठीत करीत आहे. मातृभाषेतील अर्ज भाषांतरासह स्वीकारला जाईल, असे आपल्या सूचनापत्रकाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेले आहे. यापूर्वीचा अर्ज मी इंग्रजीत, स्वतःच्या हाताने आणि कोणालाही न विचारता भरला होता. त्याचे काय झाले ते पुढे येईलच. या वेळचे भाषांतर माझी सून सौ. तन्वी हिने केले आहे. त्यात माझ्याविषयीचे शब्द मुळापेक्षा सौम्य आढळल्यास मूळ ग्राह्य धरावे.

२. विषय तातडीचा आहे. गुरुवार, दि. १३ नोव्हेंबर रोजी विभाग ‘क’ मधील, थडगी उकरून दहन केलेल्या व ज्यांच्यावर कोणी दावा सांगितला नाही अशा एकसष्ट मृतांची रक्षा आपण एकत्र समुद्रात सोडणार आहात. त्यात थडगे क्रमांक ३७७ मधील हाइनरिश लेम्बके यांची रक्षा आहे. ते माझे पणजोबा होत. ते माझे कोणी नव्हेत असे आपणांस लेखी कळवणारा इसमही मीच.

३. माझे पणजोबा जर्मनीतून १९०६ साली मुंबईस आले व माझगावच्या एका जहाजदुरुस्ती कारखान्यात फिटर म्हणून राहिले. १९०९ साली त्यांनी माझ्या पणजीशी, म्हणजे केळशी, तालुका दापोली येथील यमुना केळसकर यांच्याशी, देवळात दोन साक्षीदारांसमोर लग्न केले. १९११ साली माझे आजोबा माधव यांचा जन्म झाला. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच पणजोबांना शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आले आणि १९२० साली तिथूनच परस्पर जर्मनीस रवाना करण्यात आले. बायकोला भेटू दिले नाही. त्यानंतर त्यांची खबर नाही.

पणजी मुलाला घेऊन केळशीस भावाकडे गेल्या. भावाने आसरा दिला, पण त्या माणसाचे नाव घरात काढायचे नाही, या अटीवर. मुलाला आडनाव आईच्या माहेरचे लागले. शाळेच्या दाखल्यात मात्र बापाचे नाव लिहावेच लागते, म्हणून मास्तरांनी ‘माधव कार्ल केळसकर’ असे लिहिले. त्या मधल्या नावापायी आजोबांनी शाळेत काय सोसले ते त्यांनी कधी सांगितले नाही. पणजी १९६२ साली वारल्या. नवरा गेल्याचे कोणी कळवले नाही, म्हणून त्यांनी शेवटपर्यंत कुंकू लावले आणि गाव त्यांना शेवटपर्यंत हसले. आजोबांनी बापाच्या नावाने आयुष्यात एकदाही पाणी सोडले नाही. ते म्हणत, “जिवंत असेल तर पाप लागेल, आणि मेला असेल तर त्याची लायकी नाही.” बाप आपल्याला टाकून पळाला, या समजुतीतच ते १९७९ साली गेले.

४. मी अडतीस वर्षे जहाजांवर काढली. बंदर लागले की लोक बाजारहाट करतात, मी जुन्या दप्तरांच्या मागे लागत असे. घरातून माझ्याकडे आलेले कागद दोनच. एक छावणीचा दाखला, त्यावर ‘कार्ल हाइनरिश लेम्बके, फिटर, माझगाव’ असे नाव. दुसरे छावणीतून पणजीला आलेले कार्ड, जे शिवणाच्या डब्यात राहिले म्हणून वाचले. बाकीची कार्डे आजोबांनी चुलीत घातली होती. या कार्डाखाली सही म्हणून फक्त ‘एच.’ हे अक्षर आहे. त्याचा अर्थ मी ‘हजबंड’ असा लावला होता. तो तसा मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो आणि कोणी हरकत घेतली नाही.

निवृत्तीनंतर हाम्बुर्गच्या जुन्या प्रवासी याद्या पाहताना १९२५ साली सिंगापूरला उतरलेला के. एच. लेम्बके, फिटर, सापडला. तेव्हा मी हौगांगच्याच फ्लॅटमध्ये बसलो होतो. ज्यांच्यासाठी मी रॉटरडॅमपासून सँटोसपर्यंत कचेऱ्या धुंडाळल्या, ते माझ्या घरापासून बसने चाळीस मिनिटांवर होते.

५. आपल्या जाहीर सूचनेतील यादीत लेम्बके आडनावाची दोन थडगी होती. क्रमांक २१४, कार्ल लेम्बके, मृत्यू १९३८. क्रमांक ३७७, हाइनरिश लेम्बके, मृत्यू १९३६. जन्मसाल कोणत्याच दगडावर नाही.

येथे माझी चूक नमूद करणे भाग आहे. आमच्यात माणसाचे नाव आधी, मग बापाचे, मग आडनाव. माझे नाव शामकांत, मी दत्तात्रयांचा, आणि आम्ही केळसकर. यात शंकेला जागा नसते. तेव्हा कार्ल हाइनरिश लेम्बके म्हणजे हाइनरिशचा मुलगा कार्ल, हे मला इतके उघड होते की तपासून पाहावे असे एकदाही मनात आले नाही. मी या हाइनरिशचा, म्हणजे माझ्या खापरपणजोबांचा, जर्मनीतील चर्चच्या दप्तरांत अकरा वर्षे शोध घेतला आणि ते सापडेनात म्हणून तिथल्या दप्तरदारांना बेपर्वा म्हटले. तशी पत्रे माझ्याकडे आहेत. ती जोडलेली नाहीत.

साहजिकच मी थडगे २१४ वर दावा केला. अर्जातील प्रश्न ९ असा होता : यादीतील अन्य कोणत्या मृताशी आपले नाते आहे काय? काउंटरवरील तरुण बाईंनी माझा अर्ज वाचून मला विचारले, “अंकल, यू शुअर ऑर नॉट? सरनेम सेम.” त्यांनी तो रकाना रिकामा सोडून घरी जाऊन विचार करण्यास सुचवले. माझी पत्नी सौ. सुलभा सोबत होती. ती म्हणाली, “अहो, घ्या ना एकदा विचारून कुणाला. सगळंच कसं माहीत असतं तुम्हाला?” मी दोघींनाही गप्प केले आणि पुढीलप्रमाणे लिहून खाली सही केली : “नाही. हाइनरिश हे माझ्या पणजोबांच्या वडिलांचे नाव असून ते कधीही जर्मनीबाहेर पडले नाहीत. सबब क्रमांक ३७७ मधील इसम परका आहे व त्याच्याशी माझ्या कुटुंबाचा काहीही संबंध नाही.”

आपल्या कार्यालयाचा यात कसलाही दोष नाही. त्या बाईंनी मला दोनदा विचारले होते. चूक माझीच होती, हा निरोप त्यांना द्यावा ही विनंती.

६. कार्ल लेम्बके यांचे अवशेष मला ऑगस्टमध्ये मिळाले. दहन करून रविवार, दि. २१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्येला, मी भाड्याच्या बोटीने दक्षिणेकडच्या बेटांपलीकडे गेलो. सोबत माझा मुलगा दीपेश व वुडलँड्सचे श्री. सारंग होते. सारंग सोमवार ते शुक्रवार एका बँकेचे सर्व्हर सांभाळतात आणि शनिवार-रविवारी आम्हां मराठी लोकांचे पौरोहित्य करतात. जर्मन माणसाचे गोत्र काय धरायचे, यावर आमची बोटीवर चर्चा झाली. गोत्र माहीत नसल्यास काश्यप धरतात, तसे धरले. तीळ, तांदूळ, फुले, सर्व यथासांग झाले. आमच्या घराण्यात एकशे पाच वर्षांत प्रथमच त्या माणसाच्या नावाने पाणी सोडले गेले, असे मला वाटले आणि मी रडलो. जहाजावर मी कधी रडलो नव्हतो.

ते पाणी एका अनोळखी कारकुनाला गेले होते.

७. दि. १४ ऑक्टोबर रोजी आपल्या कार्यालयाच्या मार्फत श्रीमती आनेलीजे लेम्बके यांचा मला फोन आला. वय ७६, निवृत्त शिक्षिका, एल्बे नदीकाठच्या एका लहान गावातून आलेल्या. कार्ल लेम्बके हे त्यांच्या आजोबांचे मोठे भाऊ. त्यांना आपली सूचना उशिरा कळली. कार्लना घरी नेण्यासाठी त्या एक पितळी कलश घेऊन आल्या होत्या आणि तोवर त्यांचे कार्ल माझ्या हातून समुद्रात गेले होते.

आम्ही आमच्या ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांपाशी, चहाला भेटलो. कलश त्यांच्या मांडीवर कापडी पिशवीत होता. त्यांनी विचारले, ते कुठे आहेत? मी अक्षांश-रेखांश सांगितले, ते टिपून ठेवण्याची सवयच आहे. त्यांनी विचारले, तिथे पाणी किती खोल आहे? मी मीटरमध्ये आकडा सांगितला. तो आकडा मला तोंडपाठ होता याची मला लाज वाटते. मग त्यांनी विचारले, फुले वाहिली होती का? मी म्हटले, हो, आणि तीळ-तांदूळही. त्यांनी मान हलवली. मला एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

मी हे का केले ते कळावे म्हणून मी माझे दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी छावणीच्या कार्डावरील ‘एच.’ या अक्षरावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “बट धिस इज हाइनरिश.”

त्यांच्याकडे बाप्तिस्म्याला मुलाला दोन-तीन नावे ठेवतात आणि हाक मारतात ती त्यांतल्या एकाने. त्या गावात कार्ल घरटी एक होता. म्हणून कार्ल हाइनरिश हा जन्मभर हाइनरिशच राहिला. सरकारी कागदावर कार्ल, बायकोला लिहिलेल्या कार्डावर हाइनरिश, थडग्यावर हाइनरिश. बापाच्या नावाचा त्यात काही संबंध नव्हता. बापाचे नाव योहान होते. थडगे २१४ मधील कार्ल हे त्यांचे चुलतभाऊ, येथील एका पेढीत कारकून, ज्यांच्या आधाराने ते सिंगापूरला आले.

८. आनेलीजेबाईंनी मला दोन गोष्टी दिल्या. पहिली, कार्ल यांनी १९३६ साली धाकट्या भावाला लिहिलेले पत्र. त्यातील आशय असा : हाइनरिश गेल्या महिन्यात तापाने गेला. इथल्या वर्कशॉपमध्ये तो अकरा वर्षे होता. हिंदुस्थानात परत जाण्याची परवानगी त्याने नऊ वेळा मागितली, नऊही वेळा नाकारली गेली. बायकोच्या गावाला त्याहून जवळ त्याला राहू देणारे दुसरे बंदर नव्हते, म्हणून तो इथे राहिला. पत्रे लिहीत असे, ती परत येत. मी त्याला दगड बसवून दिला आहे.

म्हणजे ज्यांना मी चुकून तिलोदक दिले, त्यांनी माझ्या पणजोबांना माती दिली होती. त्यांना पाणी मिळाले याचे मला वाईट वाटत नाही. त्यांच्या माणसांना ते परत देता येत नाहीत याचे वाटते.

दुसरी गोष्ट, परत आलेल्या पत्रांपैकी एक लिफाफा. तो कार्ल यांच्या सामानासोबत जर्मनीस गेला आणि त्यावर शाईने काय लिहिले आहे ते त्यांच्या घरात कोणालाच कधी वाचता आले नाही. आनेलीजेबाईंनी तो मला वाचावयास दिला. बाळबोध अक्षर आहे. “या नावाच्या माणसाशी आमच्या घराचा संबंध नाही. परत पाठवावे.” खाली सही पणजीच्या भावाची. पणजीला लिहिता-वाचता येत नव्हते. पत्र आले होते हे त्यांना सांगितले गेले असेल असे मला वाटत नाही.

महोदय, आमच्या घरातून पणजोबांना लेखी नकार जाण्याची ती पहिली वेळ. दुसरी वेळ म्हणजे संदर्भ ३. दोन्हींतले शब्दही जवळपास सारखेच आहेत, ते कृपया ताडून पाहावेत.

९. यानंतर मी थडगे ३७७ वर दावा दाखल केला. त्यावर आपले पत्र (संदर्भ ४) आले. त्यातील मुद्द्यांना माझे उत्तर असे :

आपण म्हणता की, नोंदीनुसार माझ्या पणजोबांचे अवशेष मला यापूर्वीच मिळालेले आहेत आणि एका अर्जदारास तोच पूर्वज दोनदा देता येत नाही. मान्य. मला एकच हवा आहे.

आपण म्हणता की, आधीचा दावा रद्द करावयाचा असल्यास मिळालेले अवशेष मूळ पेटीत परत करावेत. पेटी परत करतो. बाकीचे सर्वपित्रीच्या भरती-ओहोटीबरोबर कोणत्या समुद्रात पोहोचले असेल ते मी सांगू शकतो, आणू शकत नाही.

तेव्हा आनेलीजेबाईंनी स्वतः दावा करून पाहिला, कारण हाइनरिश त्यांच्याही घराण्यातले. त्यांना आपण कळवले की थेट वंशज हयात असताना लांबच्या नातलगाचा दावा विचारात घेता येत नाही. हा थेट वंशज म्हणजे मी. त्याच दिवशीच्या दुसऱ्या पत्रात आपण मला कळवले की, मी स्वतःच सहीनिशी नाते नाकारले असल्याने मला थेट वंशज मानता येत नाही.

महोदय, मी इंजिनिअर आहे. एकच झडप एकाच वेळी उघडी आणि बंद असू शकत नाही. मी वंशज असेन तर रक्षा मला द्यावी. नसेन तर ती आनेलीजेबाईंना द्यावी, त्या ती एल्बेकाठी नेऊन पुरतील. दोहोंपैकी काहीही ठरवावे, ते मला मान्य आहे. मात्र आनेलीजेबाईंना नाकारताना मी वंशज आणि मला नाकारताना परका, असे करून पणजोबांना बेवारस ठरवू नये. ते बेवारस नाहीत. त्यांना वारस होता, त्यानेच घाण केली.

१०. आपणांस हे केवळ भावनेचे प्रकरण वाटू नये म्हणून एक बाब कळवतो. आमच्यात श्राद्धाला तीन पिढ्यांची नावे घेतात : बाप, आजा, पणजा. चौथ्याचे नाव सुटते. माझ्या आजोबांनी हे नाव घेतले नाही. माझ्या वडिलांनी ‘अज्ञात’ म्हणून वेळ भागवली. माझ्या तीन नावांत ते शेवटचे आहे. उद्या मी गेल्यावर दीपेशची तीन नावे माझ्यापासून सुरू होतील, आणि त्यात ते नसतील. म्हणजे त्यांचे नाव घेऊ शकणारा मी शेवटचा मनुष्य आहे आणि मी ते चुकीचे घेतले. केळशीच्या खाडीत पणजीची राख सोडली होती. तिथेच त्यांना नेऊन एकदा त्यांच्या हाकेच्या नावाने हाक मारावी, एवढेच करायचे आहे. मला दोन वर्षांमागे बायपास झाली आहे. पुढच्या सर्वपित्रीवर मी विसंबून राहू शकत नाही.

११. सबब नम्र विनंती की,

(अ) प्रश्न ९ चे माझे उत्तर रद्द समजून थडगे ३७७ ची रक्षा मला द्यावी.

(ब) ते शक्य नसल्यास आनेलीजेबाईंना द्यावी. त्या परत गेल्या आहेत, पण कळवल्यास पुन्हा येतील. जर्मनीहून प्रमाणित कागद येण्यास सहा आठवडे लागतात. तोवर गुरुवारच्या बोटीतून फक्त एक डबा उतरवून ठेवावा.

(क) तेही शक्य नसल्यास गुरुवारी मला त्या बोटीवर येऊ द्यावे. मी अडचण करणार नाही, बोट लागण्याचा तर प्रश्नच नाही. एकसष्ट जणांच्या राखेत माझे पणजोबा कोणते, हे विचारणार नाही. पाणी सगळ्यांनाच देईन आणि नाव एकाचे घेईन.

माझ्या नोकरीत इंजिनरूमच्या लॉगबुकातली माझी एकही सही कधी खोडावी लागली नाही, याचा मला मोठा अभिमान होता. तो आता नाही. ही एक सही खोडून द्यावी.

आपला,
प्रश्न ९ च्या उत्तराखाली सही केलेला,

(शामकांत कार्ल-हाइनरिश यांचा पणतू, दत्तात्रय यांचा मुलगा, केळसकर)

सोबत जोडले आहे :

१. छावणीचा दाखला व कार्ड, प्रती.
२. ‘माधव कार्ल केळसकर’ यांचा शाळेचा दाखला, प्रत.
३. हाइनरिश लेम्बके यांच्या बाप्तिस्म्याची नोंद व कार्ल लेम्बके यांचे १९३६ चे पत्र, प्रती. आनेलीजेबाईंकडून.
४. परत आलेला लिफाफा, मूळ. आजवर उघडलेला नाही. मीही उघडलेला नाही. पत्र माझ्या नावाचे नाही.
५. थडगे २१४ ची पेटी, रिकामी.
६. पितळी कलश, एक, झाकणावर ‘कार्ल लेम्बके’ असे कोरलेले. हा आनेलीजेबाईंनी आपल्या कार्लसाठी करवून आणला होता. जाताना माझ्याकडे ठेवून गेल्या, म्हणाल्या की नाव बरोबर आहे, तुमच्या कार्लना चालेल. अर्ज मंजूर झाल्यास तो भरून मिळावा. नामंजूर झाल्यास रिकामाच परत द्यावा, त्यांना मी तो स्वतः नेऊन देईन आणि काय झाले तेही स्वतःच सांगेन.